डाय खराब होत नाही

शोटो, मॉन्टाना
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय एमेट,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला आवडत नाही, म्हणून हा कागद. जन्मभर कानात बोळे न घालता रायफली उडवल्यास, आता भोग आपल्या कर्माची फळं.

काम तसं छोटं आहे. मार्चमध्ये हार्लनचा वाढदिवस येतो. त्याला न सांगता तळघरातल्या त्याच्या टेबलासाठी एक डाय आणून ठेवावी म्हणते. काडतुसाची उडालेली पितळी पुंगळी पुन्हा भरण्याआधी दांड्याच्या प्रेसवर ज्यात दाबून आवळतात, ती. जुनी खराब झाली आहे. ग्रेट फॉल्सच्या दुकानात गेले, तर तिथल्या माणसानं माझ्यापुढे डबेच डबे मांडले. ही म्हणे पुंगळीची नुसती मान आवळते, ती म्हणे अख्खं अंग आवळते, यातली कोणती देऊ? मी म्हटलं, बाबा रे, लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, त्या टेबलाखालचा केर मी काढते, पण टेबलावरच्या वस्तूला मी बोट लावलेलं नाही. तशीच हात हलवत परत आले.

तेव्हा तू सांग, कोणती घेऊ? तुमची दोघांची रायफल एकाच मापाची, थर्टी-ऑट-सिक्स, एवढं मला माहीत आहे.

इथे थंडी हाड फोडते आहे. तुझ्या गुडघ्यांना सांभाळ.

आर्डिस


सॅमन, आयडाहो
१७ फेब्रुवारी १९९८

प्रिय आर्डिस,

डाय खराब होत नाही. आधी हे ऐक. ती पोलादाची असते. माझ्या बापाची अजून माझ्याकडे आहे आणि माझ्या जावयालाही पुरून उरेल. तिची वाट लावायचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे पुंगळीला वंगण लावायला विसरायचं. मग पुंगळी आत शिरते ती बसतेच, ओढायला जावं तर बुडाची किनार फाटून हातात येते आणि बाकीची आतच. हा नवशिक्याचा गुन्हा. याच गुन्ह्यासाठी तुझ्या नवऱ्यानं मला एकदा तळघरातून हाकललं होतं आणि वर माझ्या बॉनीला सांगितलं होतं, की याला भांडी घासायला ठेव, याच्या हातून एवढंच होईल. तेव्हा त्याला माझ्याकडून विचार, काय रे, वंगण विसरलास की काय? आता भांडी कोण घासणार?

मानेच्या डायमध्ये पुंगळी अडकत नाही. म्हणजे अडकली असेल ती अंगाचीच. त्याच्याकडे दोन्ही आहेत. पुंगळी ज्या रायफलीत उडते त्या रायफलीच्या पोटाचा आकार घेते. मग नुसती मान आवळली, की ती त्या रायफलीत हातमोज्यासारखी बसते, पण दुसऱ्या कुणाच्या रायफलीत शिरत नाही. हार्लनला हेच आवडतं. तुझ्या त्या जिन्याखालच्या फळीवर बघ, प्रत्येकाच्या पुंगळ्या वेगळ्या डब्यात ठेवलेल्या दिसतील. माझ्या, तुमच्या कर्टच्या, त्याच्या स्वतःच्या. फार वेळा उडून पुंगळी फुगली, रायफलीचा बोल्ट बंद व्हायला कुरकुरला, तेव्हाच तो अंगाची डाय काढतो.

घ्यायची तर अंगाची घे. आणि त्याला म्हणावं, माझ्या पुंगळ्यांवर ओरखडे असतात म्हणून त्यानं डाय खराब केल्याचं खापर माझ्यावर फोडू नये. मी रायफल साफ करतो. त्याला पटत नाही, ती गोष्ट वेगळी.

एमेट


शोटो
१ मार्च १९९८

प्रिय एमेट,

डाय मागवली. आभारी आहे.

तळघरात पाणी शिरलं होतं, त्यानं गंज चढला असावा. वंगणाचं मी त्याला काही विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस. त्याला आजकाल थट्टा सोसत नाही. वय झालं, दुसरं काय.

आर्डिस


शोटो
१६ मार्च १९९८

अरे एमेट,

आर्डिसनं मला वाढदिवसाला डाय दिली. अंगाची. फुलं दिली असती तर एवढा चकित झालो नसतो. तुझाच हात असणार यात, तिला एवढं कळत नाही.

वस्तू चांगली आहे. पण मी तुला लाख वेळा सांगितलंय आणि आणखी एकदा सांगतो, अंगाची डाय रोज वापरायची नसते. पुंगळी आपल्या रायफलीत जाऊन एकदा आपला आकार शिकून येते. तो तिला विसरायला लावायचा आणि पुन्हा शिकवायचा, असं दरवेळी केलंस तर पितळ थकतं, बुडाजवळ चिरतं. मानेपुरतं आवळ, बाकी तिला राहू दे. आळशी लोक अख्खी आवळतात, कारण त्यांना कुठली पुंगळी कुणाची हे ध्यानात ठेवायचा कंटाळा.

तुझी पुंगळी मात्र मी डोळे मिटून ओळखतो. मांजरीनं बोचकारल्यासारखी असते. पावसात भिजलेली रायफल तशीच कोपऱ्यात उभी करतोस, आत गंजाचे खडे धरतात, आणि ते ओरखडे माझ्या डायवर उतरतात. लाज वाटू दे.

तुझा डबा भरून ठेवलाय. शनिवारी येशील तेव्हा घेऊन जा. आणि येताना बॉनीला तिनं भाजलेला तो ऱ्हुबार्बचा गोड पाय आणायला सांग. आर्डिसचा आंबट होतो. हे तिला सांगू नकोस.

हार्लन


सॅमन
३० मार्च १९९८
(चर्चच्या महिला मंडळाच्या पत्त्यावर)

प्रिय आर्डिस,

हे पत्र चर्चच्या पत्त्यावर पाठवतो आहे, कारण घरचं टपाल हार्लन आणतो.

त्याचं पत्र आलं. डायबद्दल त्यानं लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि मग बॉनीला ऱ्हुबार्बचा पाय आणायला सांग म्हणतो. बॉनीची शवपेटी उचलणाऱ्यांत तो पुढच्या डाव्या कोपऱ्याला होता, आर्डिस. त्या ओळीवर मी दुपारभर बसून होतो.

तळघरात पाणी शिरलं नव्हतं ना?

आता माझं ऐक. गेल्या ऑक्टोबरात शिकारीच्या कॅम्पवर त्यानं नेहमीसारखा ज्याच्या-त्याच्या नावाची पट्टी लावून प्रत्येकाला डबा दिला. माझ्या डब्यातल्या काही काडतुसांवर बोल्टच बंद होईना. दुसऱ्या कुणाच्या तरी पुंगळ्या माझ्या डब्यात आल्या होत्या. असं कधी झालं नव्हतं. मी गुपचूप दुकानातलं काडतूस घालून एल्क पाडला. त्याला म्हटलं, तुझ्याच काडतुसानं पडला. तो इतका खूश झाला, की मला जास्तच वाईट वाटलं. तो डबा तसाच खणात टाकला होता.

त्याचं पत्र वाचून काल तो डबा काढला आणि काडतुसांच्या गोळ्या उपटून आतली दारू कागदावर ओतली. रायफलीची दारू म्हणजे बारीक काड्या. तीन काडतुसांतून निघाल्या चपट्या चकत्या. ती पिस्तुलाची झटकन जळणारी दारू, आर्डिस. दोन्ही डबे त्याच्याकडे शेजारी शेजारी असतात. रायफलीत ती एवढी भरलेली उडाली असती, तर बोल्ट माझ्या तोंडात आला असता.

कर्टकडेही त्याच वेळचा डबा आहे आणि पंधरा एप्रिलला अस्वलांचा हंगाम उघडतो. हे पत्र पोचेपर्यंत मी थांबू शकलो नाही. मुलीकडून कर्टला फोन करवला. एवढंच सांगितलं, की बापाच्या डब्यातलं एकही काडतूस उडवू नकोस, आणि का ते आईला विचार.

तू चिडशील. चीड.

एमेट


शोटो
२१ एप्रिल १९९८

एमेट,

चिडले. माझ्या मुलाला माझ्याआधी तू कळवलंस. तो फोनवर म्हणाला, “आई, बाबांना काय झालंय आणि तू किती दिवस लपवते आहेस?” दोन आठवडे तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग कर्ट आला, त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्या डब्यातल्या गोळ्या उपटल्या, आणि त्याच्या काडतुसांतूनही त्या चकत्या निघाल्या. त्याच्या दोन्ही मुली शेजारच्या खोलीत पत्ते खेळत होत्या. तेव्हापासून शिव्या बंद.

आता खरं ऐक. पाणी शिरलं नव्हतं. जानेवारीत एक पुंगळी अडकली, तेव्हा त्यानं तोंडातल्या तोंडात दोन शब्द काढले आणि ती उपटून काढली. नंतर दुसरी अडकली, तेव्हा नुसता बसून राहिला. तिसऱ्या वेळी मी वरून ठोकाठोकी ऐकली. खाली गेले तर स्क्रूड्रायव्हर घालून हातोडी मारत होता आणि रडत होता. आईला पुरतानाही हा माणूस रडला नव्हता. मला म्हणाला, “वंगण लावलं होतं गं मी. लावलं होतं ना?” आणि त्यावर तुझं पत्र आलं, वंगण विसरलास की काय म्हणून. तुला काय माहीत म्हणा. पण ते पत्र मी चुलीत घातलं.

डॉक्टरांनी नाव घेतलं त्या आजाराचं. मी ते नाव घरात उच्चारत नाही.

कर्टनं दारूचे डबे, वजनकाटा, गोळ्या, सगळं आपल्या पिकअपमध्ये भरलं. मग पाना घेऊन प्रेस सोडवायला बसला. हार्लन जिन्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “कर्ट, मी काय केलं?” ओरडून नाही, खरंच विचारत होता. कर्टच्या हातून पाना फिरेना. मीच म्हटलं, राहू दे प्रेस, ऊठ. पोरगा अंगणात जाऊन बराच वेळ गाडीला टेकून उभा होता.

आता सगळं गेलं, प्रेस आणि दोन डाय राहिल्या. हार्लन रोज सकाळी खाली जातो, टेबलापुढे बसतो आणि रिकाम्या प्रेसचा दांडा खाली ओढतो, वर सोडतो. वर स्वयंपाकघरात मला तो आवाज ऐकू येतो. एमेट, त्याच्या हातात काहीतरी दे. कर्ट म्हणतो, एक दिवस तेही काढावं लागेल आणि त्यांना ग्रेट फॉल्सच्या वृद्धांच्या त्या घरात ठेवावं लागेल. कदाचित लागेल. पण हात रिकामे ठेवून मी त्याला तिकडे धाडणार नाही.

मला एवढंच सांग. या दोन डायपैकी कोणती त्याच्यापाशी ठेवू?

आर्डिस


सॅमन
२९ एप्रिल १९९८

प्रिय आर्डिस,

त्या पत्राबद्दल काय बोलू? जाळलंस ते बरं केलंस.

तुझ्या प्रश्नावर चार दिवस घातले. पुंगळी आवळण्यात कुणाच्या जिवाला धोका नाही. धोका दारूत आणि ती नीट पारखण्यात, आणि ते काम आता त्याच्याकडून गेलं. आवळणं मात्र त्याचंच राहू दे. मी माझ्या उडालेल्या पुंगळ्या पार्सलनं पाठवीन. तो आवळून देईल, तू परत पाठव. दारू मी इथे घालीन. एकही भरलेलं काडतूस तुझ्या घरात येणार नाही. कर्टला हे वाचून दाखव.

आता डायचं. मानेची डाय सोपी. तिच्यात काही अडकत नाही, वंगणाची कटकट नाही. पण कुठली पुंगळी कुणाची हे तिच्यासाठी ध्यानात ठेवावं लागतं, आणि गेल्या वर्षीचा घोटाळा तिथेच झाला. अंगाच्या डायला पुंगळी कुणाची का असेना, फरक पडत नाही. बाहेर पडते ती सगळ्यांच्या रायफलीत बसणारी. पण तिला दर पुंगळीमागे वंगण आठवावं लागतं. म्हणजे दोघींनाही आठवण हवीच. फक्त पहिलीची आठवण तुला उसनी देता येणार नाही. दुसरीची येईल.

थोडक्यात, अंगाची ठेव. मानेची कर्टकडे देऊन टाक. आणि तू खाली जाऊन त्याच्याशेजारी बस. वंगणाची चपटी गादी मिळते. तिच्यावर पुंगळी फिरवायची आणि त्याच्या हातात द्यायची. मानेखालच्या उतारावर लावू नकोस, तिथे वंगण साचून खळगे पडतात. बाकी लेफ्सेची पोळी लाटतेस तसंच, हात हलका ठेवायचा.

तो अंगाच्या डायला तयार होणार नाही, हे मला ठाऊक आहे. सोबतचं पत्र त्याला दे.

एमेट


(त्याच पाकिटात)

हार्लन,

एक मेहरबानी कर. माझं डोकं आता पूर्वीचं राहिलं नाही. माझ्या पुंगळ्या आणि जावयाच्या पुंगळ्या मी एकात एक करून बसलोय, आणि कुठली कुणाची हे काही केल्या मला आठवत नाही. मुलगी हसते मला. तू म्हणतोस तसं मानेपुरतं आवळून आता माझं भागणार नाही. सगळ्या अंगाच्या डायमधून काढून दे, म्हणजे कुठलीही कुठेही बसेल. तुला हे पटायचं नाही, पण म्हाताऱ्या मित्रासाठी एवढं कर. इथे दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाही.

एमेट


शोटो
७ जून १९९८

प्रिय एमेट,

तुझं पत्र त्यानं खिशात ठेवलं आहे. वाचून झाल्यावर बराच वेळ मान हलवत होता. मग मला हळू आवाजात म्हणाला, “एमेटचं काही खरं नाही गं. त्याला आठवत नाही. कुणाला सांगू नकोस, पण त्याला सांभाळून घ्यायला हवं.” मी तोंड फिरवून सिंकमध्ये नळ सोडला.

तू असं खोटं बोलशील असं मला वाटलं नव्हतं. देव तुझं भलं करो.

मी खाली बसते आता. मानेची डाय कर्टकडे गेली. हार्लननं एकदाच तिची चौकशी केली. मी म्हटलं, एमेटच्या कामाला ती लागत नाही ना, तेव्हा म्हणाला, “हो, बिचारा.” मी गादीवर पुंगळी फिरवते, त्याच्या हातात देते. तो आधी ती उजेडात धरतो, अंगठा फिरवतो, मग दांडा ओढतो. पहिल्या दिवशी मी जास्त वंगण लावलं. त्यानं पुंगळी परत दिली आणि म्हणाला, “पुसून आण, आर्डिस, आपण पाव नाही भाजत आहोत.” चव्वेचाळीस वर्षं लग्नाला झाली आणि हा माणूस काय करतो ते मी आता बघते आहे. सुंदर करतो रे.

अजून एकही अडकली नाही.

मात्र तुझ्या पुंगळ्या हातात आल्या की बोलणी खावी लागतात, ती मला, कारण समोर मी असते. “बघ, बोचकारलीय. डाय घालवणार हा.” जमलं तर रायफल साफ कर. डाय सांभाळायला हवी. दुसरी डाय बघितली तर तो गोंधळेल.

आर्डिस


सॅमन
१२ नोव्हेंबर १९९८

प्रिय आर्डिस,

सोबत एल्कचं मांस आहे, जावई येणारच होता तिकडे म्हणून. मागचा तुकडा हार्लनला आवडतो तसा जाड कापला आहे.

कॅम्पवर यंदाही सगळ्यांना डबे मिळाले. आवळलेल्या पुंगळ्या त्याच्या, भरणं माझं, आणि झाकणावरच्या पट्टीवर मी ज्याचं त्याचं नाव न घालता सगळ्यांवर “हार्लन” लिहिलं. कर्टनं आपला डबा घेतला आणि तंबूबाहेर जाऊन आला. अडकलं नाही कुणाचंच, सगळ्यांचे बोल्ट लोण्यासारखे बंद झाले. त्याला सांग हे. ज्या दिवशी समजण्यासारखा असेल त्या दिवशी सांग.

रायफल मी आता शहाण्या माणसासारखी साफ करतो. आतले गंजाचे खडे घासून घासून काढले. पुंगळी आता तोंड बघावं अशी चकचकीत निघते. बॉनी असती तर छातीला हात लावून बसली असती.

एमेट


शोटो
१० जानेवारी १९९९

प्रिय एमेट,

मांस पोचलं. त्यानं खाल्लं, पण एल्क कुणी मारला ते विचारलं नाही.

लपवून काही उपयोग नाही, म्हणून लिहिते. तुझं नाव गेलं. नाताळात फोटोंचा खोका काढला होता. कॅम्पवरचा तुम्हा दोघांचा तो फोटो दाखवला, शिंगं धरून उभे आहात तो. त्यानं स्वतःला ओळखलं. तुझ्यावर बोट ठेवून म्हणाला, “हा कोण? चांगला माणूस दिसतोय.” मी सांगितलं. तो म्हणाला, “असं का,” इतक्या सभ्यपणे, की मला तो खोका भिरकावून द्यावासा वाटला. कर्टचं नाव अजून आहे, पण कधी कधी तो कर्टला स्वतःचा भाऊ समजतो.

खाली मात्र जातो. हात चुकत नाहीत. पुंगळी कुणाची हे विचारत नाही, दिली की आवळतो. त्याला काम संपलेलं चालत नाही. एकदा पार्सल उशिरा आलं तेव्हा आवळलेल्याच पुंगळ्या मी पुन्हा दिल्या, तर पहिल्याच दांड्याला थांबला. म्हणाला, “ही झालेली आहे.” हाताला कळतं त्याच्या. तेव्हा फसवता येत नाही.

पण एमेट, एवढ्या पुंगळ्या तू आणतोस कुठून? शिकारीचा हंगाम कधीच संपला. तुझी मुलगी माझ्याशी फोनवर बोलली. म्हणाली, बाबा रोज खडीच्या खाणीत जाऊन बर्फात उभे राहून मातीच्या ढिगावर गोळ्या झाडतात, खांदा काळानिळा झालाय आणि ऐकत नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांचा आहेस. हे बंद कर.

आर्डिस


सॅमन
१९ जानेवारी १९९९

प्रिय आर्डिस,

मुलगी चोंबडी आहे. आईवर गेली.

नाव गेलं तर गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जेवण गेलं नाही त्या दिवशी. पण त्याला आवळायला उडालेली पुंगळी लागते, आणि पुंगळी उडवल्याशिवाय उडत नाही. खांद्याखाली मी बॉनीची उशी घेतो. तू वंगण लाव, मी बाकीचं बघतो.

एमेट


शोटो
१६ मार्च १९९९

प्रिय एमेट,

तुझ्या मुलीनं कळवलं, तुला न्यूमोनिया झाला होता आणि तू दवाखान्यात होतास. मला आधी का नाही सांगितलंत? आता घरी आला आहेस म्हणे. उठू नकोस. हे पत्र पडून वाच.

आजारी पडायच्या आदल्या दिवशी तू पाठवलेलं पार्सल परवा उघडलं. तू बहुतेक पावसाबर्फात भिजलेली रायफल तशीच ठेवली असशील आणि मग पुन्हा उडवली असशील, ताप होता ना तुला. पुंगळ्या बघितल्या. सगळ्या ओरबाडलेल्या. मला वाटलं डाय जाणार. पण दुसऱ्या पुंगळ्या नव्हत्या आणि तो टेबलाशी बसला होता.

काल त्याचा वाढदिवस होता. कर्ट आला होता, ग्रेट फॉल्सच्या त्या घराचे कागद घेऊन. एक मेला खोली मिळते आहे. मी सही केली. हार्लन सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. माझ्याकडेही पाहुण्यासारखा बघत होता. आम्ही तिघं खाली बसलो. मी पहिली पुंगळी पुसून, वंगण लावून दिली. त्यानं नेहमीसारखा अंगठा फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला. माझ्या हातातून फडकं घेतलं, वंगण पुसलं, पुंगळी खिडकीच्या उजेडात धरली. मला वाटलं आता चिडतोय.

तो हसला, एमेट. ते पूर्वीचं, नाकातून. म्हणाला, “एमेट. पुन्हा साफ केली नाही गाढवानं.”

कर्टनं माझा दंड धरला. मी विचारलं, “कोण एमेट, हार्लन?” त्यानं माझ्याकडे मी वेडी असल्यासारखं बघितलं आणि म्हणाला, “आपला एमेट. बॉनीचा.” मग म्हणाला, “बरा आहे ना तो?” मी म्हटलं, बरा आहे. “मग येत का नाही?”

नंतर त्यानं एकेक करून सगळ्या आवळल्या, आणि दर पुंगळीला तुला शिवी दिली. दुपारपर्यंत नाव राहिलं. संध्याकाळी गेलं. पण आज सकाळी उरलेल्यांतली एक हातात दिली आणि पुन्हा आलं.

त्या घरात प्रेस बसवायला परवानगी मिळाली आहे. कर्टनं भांडून मिळवली.

आर्डिस


सॅमन
२३ मार्च १९९९

प्रिय आर्डिस,

मुलगी हातातून लेखणी काढून घेते आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

एप्रिल अखेर मी तिकडे येतो. मला ओळखेल की नाही याची चिंता करू नकोस. खिशात पुंगळ्या घेऊन येईन.

आणि आजपासून रायफल साफ करणं बंद. बाहेर पावसात उभी करून आलो. डाय खराब होईल. होऊ दे. दुसरी पाठवतो.

एमेट